उत्तर द्या, म्हणणाऱ्या गांगुर्डे मॅडम

बातम्यांत अजूनही 'अण्वस्त्र' हा शब्द आला की माझी मान आपोआप डावीकडे वळते. स्टाफरूममध्ये गांगुर्डे मॅडमचं टेबल माझ्या डावीकडे होतं. त्या शब्दावर मॅडम काहीतरी बोलणार हे ठरलेलं असायचं. काय बोलणार, हे मात्र मला कधीच ओळखता आलं नाही. मी एकोणीस वर्षं त्यांच्या शेजारी मराठी शिकवलं. त्या फिजिक्स शिकवायच्या आणि कॉलेजच्या वादविवाद मंडळाचं काम बघायच्या. मंडळ म्हणजे नाशिक रोडच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातली दहा-बारा मुलं, एक मोडका माईक आणि मॅडम.

अंगाने किरकोळ, केस आखूड, खांद्याला कापडी पिशवी. बोलताना हात इतके हलायचे की शेजारचा माणूस आपला चहाचा कप आपसूक लांब सरकवायचा. स्कूटर चालवतानाही बोलणं चालूच. मागे बसलेल्याला मुद्दा पटला की नाही हे बघायला त्या द्वारका चौकातसुद्धा मान वळवायच्या. एकदा मी त्यांच्या मागे बसून शालिमारपर्यंत गेलो. परत येताना रिक्षा केली.

त्यांचा एक नियम मुलांना फार जड जायचा. वादविवादात उपमा द्यायची नाही. शत्रुराष्ट्रावर बोलायची वेळ आली की मुलांच्या तोंडात साप, लांडगा, गल्लीतला गुंड असं काहीतरी येतंच. मॅडम तिथल्या तिथे थांबवायच्या.

"साप म्हणू नकोस. साप करारावर सही करत नाही. देश करतो. नंतर मोडतोही. त्यावर बोल."

"मॅडम, पण उपमा दिली की लोकांना पटकन कळतं."

"कळत नाही, कळल्यासारखं वाटतं. त्यात आपला विचार थांबतो."

दुसरा नियम असा की कोणत्या बाजूने बोलायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं नाही. चिठ्ठी उचलायची, निघेल ती बाजू आपली. आणि सरावात समोरची बाजू, म्हणजे शत्रूची, नेहमी मॅडम स्वतः मांडणार. ती इतक्या ताकदीने मांडायच्या की पोरं गोंधळून जायची. मग टेबलावर बोटं आपटून म्हणायच्या, "द्या उत्तर."

त्यांचं स्वतःचं मत काय, हा स्टाफरूममधला जुना प्रश्न होता. आज म्हणायच्या, आपल्याकडे बॉम्ब नसता तर आपल्याला कोणी विचारलं नसतं. चार दिवसांनी वर्तमानपत्र माझ्या टेबलावर टाकायच्या. "देवरे सर, मी चुकत होते. तो आहे म्हणून प्रत्येक छोटी चकमक मोठी व्हायची भीती आहे. दोन्हीकडे." मी म्हणायचो, मॅडम, एक काहीतरी ठरवा. त्या म्हणायच्या, "ठरलं असतं तर झोप लागली असती."

या अस्वस्थपणाचं मूळ त्यांनी मला एकदाच सांगितलं. अठ्ठ्याण्णव साली राजस्थानात चाचण्या झाल्या तेव्हा त्या एम.एस्सी. करत होत्या. बातमी कळताच त्यांनी वर्गमैत्रिणींबरोबर पेढे वाटले. फिजिक्स शिकणाऱ्या पोरीला तो आनंद होणारच, असं त्या म्हणाल्या. उरलेले पेढे घेऊन घरी आल्या. त्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. वसाहतीतल्या विहारात दिवे लागले होते, घरोघर खीर झाली होती. त्यांचे वडील, आबा, नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला होते. ते दाराशी खुर्ची टाकून बसले होते. पोरीने पेढा पुढे केला, तर ते म्हणाले, "खीर खाल्ली मी. पेढा नको."

"का आबा? आपल्या देशाने केलंय."

"देशाने केलंय, बरोबर. मला अभिमानही आहे. पण दिवस आजचाच सापडला का त्यांना? मागच्या वेळी, चौऱ्याहत्तरलाही, हाच दिवस होता म्हणतात. तेव्हा तर बुद्ध हसला असं म्हणाले." आबांनी तिच्याकडे बघितलं. "तू शिकलेली आहेस. सांग मला, कशाला हसला असेल?"

त्या वेळी मॅडमना उत्तर आलं नाही. आबा पुढे काही वर्षांनी गेले. "मी त्यांना उत्तर देणं लागते," त्या म्हणाल्या, "आणि माझ्याकडे दर आठवड्याला वेगळं उत्तर असतं."

गेल्या वर्षी उन्हाळ्यात सीमेवर ताण वाढला, तेव्हा आमच्याकडे बारावीचे उन्हाळी वर्ग चालू होते. मुलांचे मोबाइल सारखे थरथरत. कोणी सांगे विमानं उडाली, कोणी सांगे शहर पडलं. खरं काय, कोणालाच माहीत नव्हतं. एका दुपारी सरावासाठी भोंगा वाजणार असं कळवलं होतं. भोंगा झाला की मुलांना बाकाखाली बसवायचं होतं. मॅडमच्या वर्गाला लागूनच माझा वर्ग. भोंगा झाला, सगळी मुलं खाली बसली, आणि त्या शांततेत पलीकडून एका मुलीचा आवाज आला.

"मॅडम, तो मोठा बॉम्ब पडला तर बाकाखाली वाचू का आपण?"

मग मॅडम म्हणाल्या, "साधा असेल तर बाकाचा उपयोग आहे, म्हणून मान खाली ठेव. तो असेल तर नाही. तो पडूच नये, यासाठी काय करायचं तेवढंच आपल्या हातात आहे. आपल्या म्हणजे, मोठ्या माणसांच्या." आणि मग हळू आवाजात, "तुम्हीही पुढच्या वर्षी मतदार होताय."

विचारणारी मुलगी सोनाली पगार होती. घर कळवणजवळच्या खेड्यात. वडील तोफखान्यात हवालदार. पोरीच्या शिक्षणासाठी आई तिला घेऊन जेलरोडला दोन खोल्यांत राहत होती. वडील त्या वेळी सीमेवर होते. कुठे, ते घरच्यांनाही माहीत नव्हतं.

जूनमध्ये आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होती आणि विषय आधीच आलेला होता. शेजारचं शत्रुराष्ट्र अण्वस्त्रं वाढवत असताना, आपण ती आधी वापरणार नाही हे वचन आपण पाळावं का? सोनालीने चिठ्ठी उचलली. निघालं, पाळावं. ती चिठ्ठी हातात धरून उभी राहिली.

"मॅडम, माझे पप्पा तिथं आहेत. आणि मी म्हणू, पहिला वार त्यांना करू द्या?"

"हो," मॅडम म्हणाल्या. "हाच सगळ्यात अवघड प्रश्न आहे. इथूनच सुरुवात कर."

मला ते निर्दयपणाचं वाटलं आणि मी तसं म्हणालोही. चिठ्ठी बदलून द्या, म्हटलं. मॅडम म्हणाल्या, "तिच्या मनात तो प्रश्न चिठ्ठीच्या आधीपासून आहे सर. मी नाही घातलेला. एकटीने रात्रभर विचार करण्यापेक्षा इथे मोठ्याने बोलू दे."

सराव सुरू झाला. नेहमीप्रमाणे मॅडम शत्रूच्या बाजूने उभ्या राहिल्या. "आमच्याकडे ते नसतं तर तुम्ही आम्हाला मोजलं असतं का? तुम्ही आमच्याशी बोलता ते त्याच्यामुळे. मग आम्ही ते का सोडावं? आणखी का करू नयेत?" एवढं बोलून त्यांनी टेबलावर बोटं आपटली आणि म्हणाल्या, "द्या उत्तर."

कोणीतरी ते मोबाइलवर घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत ते अर्ध्या नाशिक रोडच्या फोनवर गेलं. फक्त शेवटचे दोन शब्द कापलेले होते.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी वीस-पंचवीस जण जमले. पुढे गल्लीतल्या एका तरुण मंडळाचा अध्यक्ष, तिशीतला, कपाळाला गंध. प्राचार्यांनी मॅडमना मागच्या दाराने घरी जायला सांगितलं. मॅडम पुढच्या दाराने गेल्या. मी मागोमाग गेलो, जाऊ नये असं वाटत असताना.

"मॅडम, मी तुमच्याच हाताखाली शिकलोय," अध्यक्ष म्हणाला. "म्हणून मानाने सांगतो. माफी मागा, आम्ही जातो."

"माहितीये मला. तू तेव्हाही अर्धंच ऐकायचास."

मागे कोणीतरी हसलं. अध्यक्षाचा चेहरा लाल झाला. "तुम्ही शत्रूची बाजू घेतली."

"घेतली नाही, मांडली. उद्या त्यांच्याशी बोलायला आपलंच कोणीतरी जाणार ना? समोरचा काय म्हणेल, हे त्याला आधी माहीत नको? का तिथे जाऊन पहिल्यांदा ऐकायचं?"

"बोलायचंच कशाला? संपवायचं."

"बरं. कसं संपवायचं ते सांग. त्यांच्याकडे तो आहे. तू पहिला टाकलास. पुढे सांग." मॅडमनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "मी ऐकतेय. मला खरंच ऐकायचंय. मी तीस वर्षं कोणीतरी हे पूर्ण सांगेल म्हणून वाट बघतेय."

त्याने भारतमातेची घोषणा दिली. मॅडमनी सगळ्यांबरोबर मोठ्याने 'जय' म्हटलं, आणि घोषणा संपल्यावर म्हणाल्या, "हे माझंही आहे. माफी मात्र नाही."

माणसं पांगली. पण संध्याकाळी त्यांच्या स्कूटरच्या सीटवर कोणीतरी ब्लेड मारलेलं सापडलं. आणि दोन दिवसांत प्राचार्यांनी वादविवाद मंडळ त्यांच्याकडून काढून घेतलं आणि स्पर्धेतून कॉलेजचं नाव मागे घेतलं. प्राचार्य वाईट माणूस नव्हते, घाबरलेले होते. मॅडमनी सीटवर प्लास्टिकची पिशवी बांधली आणि तशीच स्कूटर चालवत राहिल्या. त्या काळात मात्र त्या स्टाफरूममध्ये टेबलाशी बसत, उठत, पुन्हा बसत. एकदा मला म्हणाल्या, "सर, त्या पोरांना राग आला याचं मला काही नाही. ती घाबरलेली आहेत. पण भीतीने ती पहिलं सोडतायत ते समोरच्याचं ऐकणं. आणि पलीकडेही अशीच पोरं असणार, हे मनातून जात नाही."

मग सोनालीची आई मॅडमच्या घरी आली. मी तिथे होतो, कारण मॅडमनी मला मुलांची भाषणं वाचायला बोलावलं होतं. कॉलेजात घेता येत नाही तर विहाराच्या सभागृहात वादविवाद घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं. विहाराच्या वयस्कर मंडळींनी विषय विचारला. बॉम्ब, असं उत्तर मिळाल्यावर ते म्हणाले, मग इथंच होऊ द्या.

आई उंबऱ्यातच उभी राहिली. आत या म्हटलं तरी येईना.

"मॅडम, माझ्या पोरीला का असं बोलायला लावता? ती जेवत नाय. तिच्या पप्पांचा फोन नाय आला किती दिवस झाले. आन् ही घरात म्हणती, आपण आधी मारायचं नाय."

"ताई, ती तिच्या वाट्याला आलेली बाजू आहे."

"माझ्या वाट्याला काय आलंय ते बघा ना तुम्ही." आईचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे ऐकायला जास्त जड गेलं. "तुम्हाला लय बोलता येतं. मला नाय येत. मला एवढंच कळतं, आधी त्यांनी मारलं तर तिथं पहिला कोण हाय."

मॅडमचे हात नुसते हलले आणि थांबले. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही या. मागे बसून ऐका. नाही पटलं तर तिला उठवून घेऊन जा. मी अडवणार नाही."

आई आली. सभागृहात सतरंजीवर मुलं, काही पालक, वसाहतीतली माणसं. पंखे मोठ्याने फिरत होते. वचन मोडावं या बाजूने ऋषिकेश नावाचा मुलगा होता, शांत डोक्याचा. त्याने एकच प्रश्न नीट विचारला. त्यांच्या पहिल्याच हल्ल्यात आपली उत्तर द्यायची ताकदच गेली, तर? वचन पाळणाराच उरला नाही तर ते वचन कोणासाठी?

सोनाली उठली. ती वडिलांवर बोलली. ते सुट्टीवरून निघताना कसे मागे वळून बघत नाहीत, घरात त्यांच्या बुटांची जागा कशी मोकळी ठेवलेली असते. म्हणाली, आपण वचन मोडलं तर समोरचा दर रात्री धरून चालेल की आज आपण टाकणार, आणि घाबरलेला माणूस आधी टाकतो. माझ्या पप्पांच्या समोर घाबरलेला माणूस नको. ती बोलली तेव्हा सभागृहात बायका डोळे पुसत होत्या. मीही पुसले. निकाल सगळ्यांना माहीतच होता.

परीक्षक मॅडम होत्या. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "ऋषिकेश जिंकला."

कुजबुज झाली. मॅडम सोनालीकडेच बघत होत्या. "त्याने प्रश्न विचारला. तू उत्तर दिलं नाहीस. उत्तर होतं. आपली ताकद एका जागी नसते, समुद्रात पाणबुड्यांवरही असते, पहिल्या हल्ल्यात सगळी जात नाही. हे तूच मला गेल्या आठवड्यात सांगितलं होतंस. आज ते न सांगता तू पप्पांना पुढे केलंस."

मागून आई उठली. "त्यांचं नाव काढायचं नाय का तिनं?"

"काढावं ताई. पण त्यांच्या नावामागे लपू नये. आम्हाला सगळ्यांना रडू आलं. रडू आलं म्हणजे मुद्दा सिद्ध झाला, असं नाही. तेच तर चाललंय सगळीकडे, दोन्ही बाजूंना."

मला वाटलं आता आई पोरीला ओढत घेऊन जाईल. मला मॅडमचा रागही आला. त्या पोरीला त्या दिवशी एक जिंकणं द्यायला काय हरकत होती? पण सोनालीच म्हणाली, "आई, बस. मला उत्तर माहीत होतं. मला आठवलंच नाही, कारण मला नुसतं पप्पांचं बोलायचं होतं."

आई बसली नाही. ती पोरीचा हात धरून निघून गेली. मॅडम सतरंज्या गोळा करायला लागल्या. चार घड्या घालून झाल्यावर मला म्हणाल्या, "मी चुकले का हो?" मी म्हटलं, मला माहीत नाही. त्या म्हणाल्या, "मलाही."

त्यानंतर थोड्याच दिवसांत गोळीबार थांबला. हवालदार पगारांचा फोन आला. सोनाली पुन्हा वर्गात यायला लागली, आणि आल्या आल्या मॅडमच्या टेबलाशी उभं राहून तिने ऋषिकेशच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर, समुद्रासकट, घडाघडा म्हणून दाखवलं. मॅडमनी ऐकलं आणि लगेच पुढचा प्रश्न विचारला. शेजारच्यांकडे आहे ते आहे, आता आणखी दोन-चार वैरी देशांकडे आलं तर? आधीच जाऊन त्यांचे कारखाने मोडायचे, का त्यांच्याशी बोलत बसायचं? सोनाली हसत सुटली. मंडळ मात्र मॅडमना परत मिळालं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत त्या भुसावळला बहिणीकडे गेल्या होत्या. तिथेच दुपारी बोलता बोलता गेल्या. हृदय थांबलं. बहीण सांगत होती, वाक्य अर्धं राहिलं. शोकसभा विहारातच झाली. सोनाली आणि तिची आई दोघी आल्या होत्या. फाटकावरचा तो अध्यक्षही येऊन, मागे उभा राहून, कोणाशी न बोलता गेला. पण मी मॅडमना शेवटचं नीट बघितलं ते त्याआधी, श्रावणात, हवालदार पगार सुट्टीवर आले होते तेव्हा.

ते कॉलेजात आले. उंच, उन्हाने रापलेले, साध्या शर्टात. मॅडमना नमस्कार केला. मॅडम सावध झाल्या होत्या, तेही भांडायला आलेत असं त्यांना वाटलं असावं.

"मॅडम, घरी दोघी मायलेकी रोज वाद घालत्यात," ते म्हणाले. "मी सुट्टीवर आलोय का कोर्टात, तेच कळत नाय. एक विचारू? पोरगी म्हणती, मॅडम दोन्ही बाजू सांगतात, स्वतःचं सांगत नाहीत. तुमचं काय मत?"

स्टाफरूममधल्या सगळ्यांनी माना वर केल्या. एकोणीस वर्षांचा प्रश्न होता.

मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला सांगायला मला सगळ्यात अवघड आहे."

"सांगा की. मी काय परीक्षा घेणार नाय."

"वचन पाळावं, असं मला वाटतं. काही झालं तरी. पण ते पाळायची किंमत आधी तुम्ही मोजणार, मी नाही. मी इथे पंख्याखाली आहे. म्हणून मी ते मोठ्याने बोलत नाही."

हवालदार समोरच्या खुर्चीवर बसले. "आणि पलीकडं वाढतच चालले तर? आणखी कोणाकडं आले तर?"

"तर बोलायचं. फसलं तर परत बोलायचं. करार करायचे, तपासायचे, मोडले तर पुन्हा करायचे."

"आणि तोवर?"

मॅडमचे हात हलले नाहीत. "तोवर तुम्ही," त्या म्हणाल्या.

हवालदारांनी मान हलवली. राग दिसला नाही, समाधानही नाही. "तोवर आम्ही. हां, हे खरंय," ते म्हणाले आणि नमस्कार करून उठले.

आम्ही त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. त्यांनी स्टेशनकडे जाणारी रिक्षा थांबवली आणि बसले. मी परत वळलो होतो, इतक्यात मॅडम म्हणाल्या, "नाही, नाही. थांबा. ते मी बरोबर बोलले नाही." रिक्षा सुरू झाली होती. मॅडम तिच्या बाजूने चालायला लागल्या, एक हात रिक्षाच्या दांडीवर, दुसरा हवेत, भराभर काहीतरी सांगत. मागे बस येऊन अडकली, हॉर्न वाजायला लागले. मला वाटलं आता रिक्षा वेग घेईल आणि मॅडम मागे राहतील. पण हवालदारांनी पुढे वाकून रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवला, हळू चल म्हणून, आणि डोकं बाहेर काढून ऐकायला लागले. रिक्षा चालत्या माणसाच्या वेगाने पुढे सरकत राहिली, मागे सगळा रस्ता तुंबला होता, आणि वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मॅडम बोलत होत्या.